गाठीला लेझर, चट्ट्याला आधी ब्लेड: ठाण्यातलं एक प्रकरण

रुग्ण ५६ वर्षांच्या. राहायला ठाण्यात सावरकरनगरला, काम वागळे इस्टेटमधल्या एका पॅकिंग युनिटमध्ये, माहेर-सासर दोन्ही जुन्नर तालुक्यातलं. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. दवाखान्यात आम्ही त्यांना मावशी म्हणतो, इथेही तेच म्हणते.

तक्रार एकच होती, उजव्या गालात आतून आलेली गाठ. दोनेक वर्षांपासूनची. दुखत नव्हती, पण जेवताना दाताखाली यायची, आणि एकदा चावली गेली की पुढचे दोन दिवस भाकरी नको वाटायची. सोबत मुलगा होता. त्याने खुर्चीत बसायच्या आधीच फोन पुढे केला. पडद्यावर एक जाहिरात होती: टाका नाही, रक्त नाही, दुखणं नाही, एका बैठकीत मोकळे. ‘मॅडम, आईची गाठ अशी लेझरने जाळून टाकता येईल ना?’

लेझरने काढता येईल, असं मी सांगितलं. जाळणार मात्र नाही, कारण काढलेली गाठ तपासायला पाठवायची असते आणि जाळलं की पाठवायला काही उरत नाही. त्या दिवशी मुलाला हे फारसं पटलं नाही. गाठ काढण्यात खरं तर सांगण्यासारखं थोडंच आहे. हे प्रकरण लिहायला घेतलं ते मावशींच्या दुसऱ्या गालात जे सापडलं त्यासाठी, आणि त्यावर लेझर कधी चालवायचा यावरून जी ओढाताण झाली त्यासाठी.

इतिहास

मधुमेह अकरा वर्षांपासून, गोळ्यांवर. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ७.२, म्हणजे ठीकठाक. आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, एक स्टेंट. त्यामुळे ॲस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ या दोन्ही गोळ्या रोजच्या.

‘रोजच्या’ हे कागदावर. विचारल्यावर कळलं की तीन दिवसांपासून दोन्ही बंद आहेत. ‘दातवाल्याकडे जायचं तर रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद कराव्या लागतात’ असं शेजारणीने सांगितलं होतं. हा समज इतका पक्का बसलाय की मी आता पहिला प्रश्न तोच विचारते. मावशींना सांगितलं, आज रात्रीच गोळ्या परत सुरू करा. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला, त्यांचंही तेच म्हणणं पडलं. तोंडातला रक्तस्राव बोटाने दाबून थांबवता येतो, स्टेंटमध्ये धरलेली गुठळी दाबून थांबत नाही. एवढ्याशा शस्त्रक्रियेसाठी या गोळ्या बंद करायच्या नसतात.

मग नेहमीचा प्रश्न, तंबाखू खाता का?

‘छे, आपल्यात नाही खात कोणी.’

‘मिश्री?’

‘ती लावते की. सकाळी नि रात्री झोपताना.’

हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून तिची पूड करायची, ती बोटाने दातांना घासायची आणि मग चिमूटभर गालात तशीच ठेवायची, याला आपल्याकडच्या बायका तंबाखू खाणं समजत नाहीत. ते दात घासणं असतं. मावशी लग्नाच्या आधीपासून लावत होत्या. आईने शिकवली, असं अगदी सहज म्हणाल्या.

तोंड उघडल्यावर

उजव्या गालात, दात मिटल्यावर जिथे वरच्या-खालच्या दातांची रेघ उमटते त्या रेघेवर, ९ बाय ७ मिलिमीटरची गाठ. आजूबाजूच्या त्वचेच्याच रंगाची, किंचित फिकी, गुळगुळीत, हाताला घट्ट, बुडाशी थोडी अरुंद. काचेची पट्टी दाबून पाहिली, रंग उतरला नाही. म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ नसावी. निळसर झाक नाही, पाणी भरल्यासारखी मऊ नाही, म्हणजे लाळेचा फुगाही नसावा. बरोबर समोर वरची दुसरी उपदाढ. तिचं जुनं सिमेंट अर्धं निघालेलं आणि गालाकडचं टोक धारदार. मावशी झोपेत नाही तर जेवताना वर्षानुवर्षं तिथेच गाल चावत होत्या. सतत एकाच जागी चावलं गेलं की आत तंतुमय ऊती साठत जाते आणि अशी गाठ होते. हा फायब्रोमा; तोंडातल्या गाठींमध्ये अगदी नेहमी भेटणारा, निरुपद्रवी.

गाठीपासून साधारण सेंटीमीटरभर मागे आणि वर, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर, कानाखालच्या लाळग्रंथीची नळी गालात उघडते. तिचं तोंड बारीक फुगवट्यासारखं दिसतं. बाहेरून गाल दाबून तिथून स्वच्छ लाळ येते का ते पाहून घेतलं. गाठ तिच्याजवळ असती तर लेझरचा विचार फार जपून करावा लागला असता. नळीचं तोंड भाजलं की ते आक्रसून बंद होतं आणि पुढे लाळ तुंबते.

तोंड ४१ मिलिमीटर उघडत होतं, गालात कडक पट्टे नव्हते, मानेत गाठी लागल्या नाहीत. आरसा डावीकडे फिरवला.

डाव्या बाजूला खाली, दाढांशेजारी गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत, तापवून निवलेल्या दुधाच्या सायीवर पडतात तशा सुरकुत्यांचा पांढरट चट्टा होता. लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास. गॉजने पुसून निघत नव्हता. मिश्रीची चिमूट ठेवायची जागा हीच. पुढचा बराचसा भाग सपाट आणि एकसारखा, मिश्री लावणाऱ्या पुष्कळ बायकांच्या तोंडात दिसतो तसाच. मागच्या टोकाला मात्र एक बारीक भेग होती आणि भेगेच्या कडेने लालसर ठिपके. मावशींना याचा पत्ताच नव्हता. दुखत नाही, खुपत नाही, दिसत नाही.

पांढरा सपाट चट्टा पाहून मला फार धास्ती वाटत नाही. पांढऱ्यात लाल मिसळलं की वाटते. ल्युकोप्लेकिया हे नाव डोळ्यांनी पाहून ठेवलेलं असतं. चट्टा पांढरा आहे, पुसून निघत नाही आणि दुसऱ्या कुठल्या ओळखीच्या आजारात बसत नाही, एवढंच त्यातून कळतं. आत पेशी कशा आहेत हे तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही, आणि ठिपके असलेल्या चट्ट्यांत पेशी बिघडलेल्या निघण्याची शक्यता सपाट चट्ट्यांपेक्षा जास्त असते.

आरशात मावशींना चट्टा दाखवला. मुलगा लगेच म्हणाला, ‘मग त्यालाही लेझरच मारा ना. एकाच वेळी दोन्ही होऊन जाईल.’

उजवी बाजू

गाठीसाठी लेझर निवडला त्याला मावशींच्या बाबतीत नेमकं कारण होतं. दोन-दोन गोळ्यांनी रक्त पातळ झालेलं, त्यात मधुमेह. ब्लेडने कापलं तर रक्त बराच वेळ झिरपणार, टाके घालावे लागणार, आणि ते टाके पुन्हा दातांच्या रेघेवरच येणार. लेझरच्या उष्णतेने बारीक रक्तवाहिन्या कापतानाच मिटत जातात. विजेवर चालणाऱ्या कॉटरीनेही रक्त थांबतं, पण तिची उष्णता आजूबाजूला जास्त पसरते. पेसमेकर असलेल्या माणसात तर कॉटरी वापरताना आणखी एक काळजी वाढते. मावशींना पेसमेकर नव्हता, पण हृदयाचा रुग्ण समोर असला की हे डोक्यात राहतंच. तब्येत ठणठणीत असलेल्या तरुण माणसाची हीच गाठ मी ब्लेडने काढून दोन टाके घातले असते, आणि त्याचे पैसेही वाचले असते. लेझरचं यंत्र विकत घेतलंय म्हणून ते प्रत्येक गालात चालवायलाच हवं असं नाही.

आमच्याकडचा लेझर डायोड जातीचा, ९८० नॅनोमीटरचा. हा प्रकाश मुख्यत्वे रक्तातल्या लाल द्रव्यात आणि त्वचेच्या काळ्या रंगद्रव्यात शोषला जातो. फायब्रोमात ही दोन्ही कमी, म्हणून तर तो फिका दिसतो. नुसता प्रकाश सोडला तर तो गाठीत विखरून नको तितका खोल जाईल आणि कापणार काहीच नाही. यासाठी काचेच्या तंतूचं टोक आधी बुचाच्या तुकड्यावर घासून काळं करून घ्यावं लागतं. काळ्या थरात प्रकाश शोषला जातो, टोक तापतं आणि ते तापलेलं टोक कापतं. जाहिरातीत निळी-जांभळी किरणं गाठीवर पडताना दाखवतात. ९८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसतसुद्धा नाही; दिसतो तो नेम धरायला सोडलेला साधा लाल ठिपका.

दिसत नाही म्हणूनच डोळ्यांना धोका जास्त. हे चौथ्या वर्गातले लेझर, म्हणजे चकचकीत वस्तूवरून परावर्तित झालेला किरणही डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकतो. मावशी, मदतनीस आणि मी, तिघींच्या डोळ्यांवर त्याच तरंगलांबीचे गॉगल. उन्हाचा गॉगल इथे उपयोगाचा नाही. योग्य गॉगलच्या काडीवर नाही तर काचेवर तरंगलांबीचा आकडा छापलेला असतो. मुलाला खोलीबाहेर बसवलं. बाजूच्या दातांवर ओलं गॉज, खोलीत स्पिरिट उघडं नाही. मावशींना आधीच सांगून ठेवलं, ‘जळका वास येईल. तो तुमच्याच गाठीचा आहे, घाबरू नका.’ धूर तोंडाशीच ओढून घ्यायला जोरदार सक्शन आणि तोंडावर एन-९५ मास्क, कारण त्या धुरात पेशींचे कण आणि विषाणूंचे अंशही असू शकतात.

भूल लिग्नोकेन २ टक्के, सोबत ॲड्रिनॅलिन १:८०,०००. हृदयाच्या रुग्णात ॲड्रिनॅलिन एका वेळी ०.०४ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये ते ०.०१२५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे तीन मिलिलिटरच्या थोडं वर मर्यादा येते. इथे एकच मिलिलिटर पुरलं. सुई गाठीत न टोचता भोवताली टोचली. गाठीतच भूल भरली तर ती फुगते आणि तिची खरी कड हरवते.

गाठीतून रेशमी धागा ओवून त्याची टोकं मदतनिसाच्या हातात दिली. तिने धागा हलका ओढून धरला की बुडाशी त्वचा ताणली जाते आणि कुठे कापायचं ते स्वच्छ दिसतं. चिमट्याने धरलं तर गाठ चेचते आणि नमुना तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टची पंचाईत होते. दीड वॉटने सुरुवात केली, बुडाशी दोन वॉट. प्रकाश सलग न सोडता तुटक सोडला, म्हणजे मधल्या क्षणात ऊतीला निवायला वेळ मिळतो. टोक कुठेही थांबू द्यायचं नाही, सारखं फिरतं ठेवायचं. त्यावर काळी खरपुडी जमली की ओल्या गॉजवर पुसायचं. खरपुडीसकट रेटत राहिलं तर कापणं कमी आणि भाजणं जास्त होतं. गाठ सुटली. गॉजचा बोळा गुलाबी झाला, बाकी रक्त नाही. टाका नाही. मग ज्या उपदाढेने हे सगळं केलं तिचं धारदार टोक घासून गोल केलं आणि नवं सिमेंट भरलं. हे राहिलं असतं तर गाठ परत आली असती, लेझर कितीही महागाचा असो.

डावी बाजू

मुलाला कागदावर आकृती काढून समजावलं ते असं. लेझरने चट्टा दोन प्रकारे घालवता येतो. एक, वरचेवर भाजून त्याची वाफ करायची. यात तपासायला काही उरत नाही. समजा मागच्या भेगेच्या कोपऱ्यात आधीच कर्करोगाची सुरुवात असली, तर वरून नवी गुलाबी त्वचा भरून येईल, सगळे खूश होतील, आणि खाली जे चालू आहे ते चालूच राहील. दुसरा प्रकार कापून काढायचा. त्यासाठी किती रुंद नि किती खोल कापायचं हे ठरवायला आत काय आहे ते आधी कळलं पाहिजे.

‘मग तपासायचा तुकडा तरी लेझरने काढा,’ मुलगा म्हणाला. प्रश्न रास्त होता. पण तुकडा काढणार पाच मिलिमीटरचा. डायोडने काढला तर दोन्ही कडांना अर्धा ते एक मिलिमीटर भाग भाजलेला येणार. म्हणजे तुकड्याचा बराचसा भाग वाचायलाच मिळणार नाही. त्याहून वाईट म्हणजे भाजलेल्या पेशींची केंद्रकं लांबुळकी आणि गडद होतात. बिघडलेल्या पेशी ओळखताना पॅथॉलॉजिस्ट ज्या खुणा बघतो त्यांच्याशीच यांचा घोटाळा होऊ शकतो. नऊ मिलिमीटरच्या गाठीची कड भाजली तरी मधला भाग शाबूत राहतो. पाच मिलिमीटरच्या तुकड्यात ही चैन नाही.

चट्ट्याला टोल्युडिन ब्लू लावलं; हा निळा रंग संशयास्पद जागी धरून राहतो. भेगेची मागची बाजू निळी राहिली, बाकी रंग धुतला गेला. निळी जागा आणि थोडी शेजारची बरी त्वचा धरून पंधरा नंबरच्या ब्लेडने लांबट तुकडा घेतला. रक्त आलं, दाबून धरलं, दोन टाके घातले, थांबलं. मावशी आरशात बघून म्हणाल्या, ‘एवढ्या मोठ्या गाठीला टाका नाही, आणि या चिमूटभर चट्ट्याला दोन?’

दोन नमुने, दोन बाटल्या. १० टक्के फॉर्मॅलिन, नमुना त्यात बुडून भोवती भरपूर जागा उरेल इतकं. चिठ्ठी बाटलीच्या अंगावर, झाकणावर नव्हे. दोन बाटल्या एकदम उघडल्या की झाकणं अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही, आणि इथे अदलाबदल म्हणजे निरुपद्रवी गाठीवर उपचार नि बिघडलेल्या चट्ट्याला सुट्टी. सोबतच्या अर्जावर मिश्री, तिची जागा, लाल ठिपके आणि उजवा नमुना डायोडने काढलाय हे लिहिलं. ते लिहिलं नसतं तर भाजलेली कड पाहून पॅथॉलॉजिस्टला कोडं पडलं असतं.

दुखलं तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नाहीत. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलवर त्या रक्तस्राव वाढवतात.

तिसऱ्या दिवशी मुलाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, खाली ‘पू झालाय’. पू नव्हता. लेझरच्या जखमेवर पिवळट-पांढरा थर धरतो, तीच तिची खपली. तोंडात ओल असते म्हणून खपली काळी-कोरडी होत नाही. तो थर खरवडायचा नाही, गुळण्या हलक्या करायच्या, तिखट-गरम टाळायचं. लेझरची जखम ब्लेडच्या जखमेपेक्षा लवकर भरते असं सर्रास सांगितलं जातं. पहिल्या आठवड्यात अनुभव उलटा असतो, ती मागेच असते. मावशींच्या गालावर पूर्ण नवी त्वचा यायला तीन आठवडे लागले. फायदा दिसला तो नंतर, व्रण मऊ होता आणि ओढ नव्हती.

रिपोर्ट आणि मिश्री

उजवीकडची गाठ फायब्रोमा, काही वावगं नाही. डावीकडचा तुकडा: वरचा थर जाड झालेला, पेशींत मध्यम प्रमाणाचा डिस्प्लेसिया, म्हणजे कर्करोगाआधीचा बिघाड, खाली घुसलेल्या पेशी नाहीत. डिस्प्लेसियाची प्रत ठरवताना दोन तज्ज्ञांत फरक पडू शकतो, म्हणून काचा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवल्या. त्यांनी सौम्य ते मध्यम म्हटलं. कर्करोग नाही यावर दोघांचं एकमत होतं.

मुलगा आता लेझरची घाई करत नव्हता, ऑपरेशन उद्या होईल का म्हणून विचारत होता. मी सहा आठवडे थांबायला सांगितलं. या सहा आठवड्यांत एकच काम, मिश्री बंद. ती बंद झाली की मिश्रीमुळे आलेला चट्ट्याचा भाग आपोआप ओसरतो आणि जे खरंच काढायला हवं तेवढंच शिल्लक राहतं. मध्यम डिस्प्लेसियात एवढी वाट पाहता येते. तीव्र असता तर पाहिली नसती.

सांगायला सोपं. मावशींची अडचण वेगळीच होती, ‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही.’ ही तक्रार हसण्यावारी न्यायची नाही. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते, आणि चाळीस वर्षं सकाळी मिश्री मग संडास अशी सवय लागलेल्या शरीराला एकदम तोडलं की खरोखरच बद्धकोष्ठ होतं. ज्या बायका पुन्हा मिश्रीकडे वळतात त्यांतल्या कित्येकींचं कारण हेच असतं, तलफ नंतर. मावशींना रात्री इसबगोल, सकाळी गरम पाणी, जेवणात पालेभाजी हे आधी लावून दिलं. निकोटिनच्या च्युइंगगमबद्दल हृदयरोगतज्ज्ञांशी बोलले, पण मावशींनीच नको म्हटलं; बडीशेप आणि लवंगेवर भागवते म्हणाल्या. तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन १८००-११-२३५६ मुलाच्या फोनमध्ये भरून दिली, ती निःशुल्क आहे. दुकानातलं कुठलंही काळं-लाल मंजन आणू नका, हेही बजावलं. दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे आणि महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे, पण घरी तव्यावर भाजलेली मिश्री कुठल्याच बंदीत सापडत नाही.

दोनदा सुटली आणि परत लागली. एकदा गावच्या जत्रेत, एकदा घरातल्या मयताला. तिसऱ्यांदा टिकली. घरातला मिश्रीचा डबा मुलीने फेकून दिला होता, त्यावरून दोघींचं भांडणही झालं.

दुसऱ्या वेळी

थांबण्याची मुदत या धरसोडीमुळे लांबली. पुढचा सपाट पांढरा भाग जवळजवळ गेला. मागे भेगेभोवती १२ बाय ८ मिलिमीटरचा तुकडा तसाच होता. आता तो काढायचा, आणि इथे मी लेझर घेतला.

मुलाने विचारलंच, आधी नको होता तो आता कसा चालतो? निदान हातात होतं म्हणून. आणि जागा. ही खोबण मुळात उथळ. ब्लेडने रुंद कापून कडा टाक्यांनी जवळ ओढल्या तर खोबण आणखी उथळ होते, गाल हिरडीला ओढला जातो, आणि पुढे मावशींना कवळी लागलीच तर ती बसायला जागा राहत नाही. लेझरची जखम उघडी सोडता येते आणि भरताना ती आक्रसते कमी. गोळ्या तर दोन्ही चालूच होत्या.

कार्बन डायऑक्साइड लेझर असता तर मी तो घेतला असता. त्याचा १०,६०० नॅनोमीटरचा प्रकाश पाण्यात शोषला जातो, आणि तोंडाची त्वचा बहुतांशी पाणीच; त्यामुळे तो वरच्या वर कापतो, कड कमी भाजते. हा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. पटेल बारामतीला जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. बारामतीकरांना हे सांगितलं की ते खुर्चीत जरा ताठ बसतात. यंत्र मोठं आणि महाग असल्याने आमच्यासारख्या दवाखान्यांत ते नसतं. मुंबईला मोठ्या रुग्णालयात पाठवते म्हटलं, चिठ्ठीही तयार केली. मावशींना कामावर आणखी खाडे नको होते. डायोडने कड जास्त भाजेल आणि त्यासाठी थोडं रुंद कापावं लागेल हे समजून त्यांनी इथेच करायचं ठरवलं. तसं संमतिपत्र मराठीत लिहून घेतलं.

चट्ट्याच्या दिसणाऱ्या कडेपासून पाच मिलिमीटर बाहेर लेझरच्या टोकाने ठिपके काढून हद्द आखली. हिरडीच्या बाजूला एवढी जागा मिळत नाही, तिथे तीनवर भागवलं. खोली फक्त त्वचेखालच्या थरापर्यंत. खालच्या दाढांसमोर खोबणीच्या खोल बाजूला चेहऱ्याची मोठी धमनी जबड्याच्या कडेवरून वर चढते. तिथे लेझरच्या रक्त थांबवण्यावर विसंबून खोल जाणं म्हणजे संकटाला आमंत्रण. ती मिटवण्याएवढा हा लेझर ताकदवान नाही. हिरडीकडे हाडावर टोक टेकू दिलं नाही. हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर राहिलं तरी त्याला इजा होते, आणि तापलेलं टोक त्याच्या कितीतरी पट गरम असतं. मधूनमधून थांबून ओल्या गॉजने थंड करत राहिले. तुकडा एकसंध निघाला. पुढच्या टोकाला धाग्याची गाठ मारली, म्हणजे पुढचं कुठलं नि मागचं कुठलं ते कळावं.

चार दिवसांनी पॅथॉलॉजिस्टचा फोन. ‘पूर्ण कडेने सुमारे एक मिलिमीटर भाजलंय. त्याच्या आत वाचता येतंय तिथे डिस्प्लेसिया कडेपर्यंत पोचलेला नाही. हिरडीच्या बाजूला अंतर कमी आहे, बाकीकडे भरपूर.’ मधला भाग पहिल्यासारखाच मध्यम, घुसखोरी नाही. पाच मिलिमीटर बाहेर जाऊन कापलं होतं म्हणून हे वाक्य ऐकायला मिळालं. दोन मिलिमीटरवर कापलं असतं तर ‘कड सांगता येत नाही’ असा रिपोर्ट आला असता, आणि लेझर वापरून आम्ही स्वतःचीच वाट अडवली असती.

पुढे

मावशींना आणि मुलाला समोर बसवून एक गोष्ट साफ सांगितली. चट्टा काढला याचा अर्थ धोका संपला असा होत नाही. ब्लेड असो की लेझर, काढलेल्या जागी किंवा शेजारी चट्टा परत येऊ शकतो, आणि पुढे कर्करोग होणारच नाही याची हमी कुठल्याच पद्धतीत नाही. तंबाखूचा परिणाम पूर्ण तोंडावर झालाय, आपण काढलाय तो त्यातला एक तुकडा. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायचं, नंतर अंतर वाढवू. घरी महिन्यातून एकदा आरशासमोर गाल ओढून स्वतः बघायचं, कसं ते मुलीला शिकवलं. कधी लाल ठिपका, न भरणारी जखम किंवा कडक गाठ दिसली तर तारखेची वाट पाहायची नाही. तसं काही निघालंच तर परळ आणि खारघर इथलं टाटा स्मारक आहे, ठाण्याहून दोन्हीकडे जाता येतं.

जखम भरायला महिना लागला, मधुमेहामुळे थोडा जास्तच. खोबण पहिल्याएवढीच खोल राहिली.

सहाव्या महिन्यात व्रणाच्या पुढच्या कडेला एक बारीक पांढरी रेघ दिसली. मावशी शपथेवर सांगत होत्या की मिश्री नाही. बोटांची नखं आणि दातांच्या मागच्या बाजू पाहून मला ते खरं वाटलं. मग दात कशाने घासता विचारलं. मिश्री सुटल्यावर ‘स्वच्छ वाटत नाही’ म्हणून त्यांनी बाजारातला सगळ्यात कडक ब्रश आणला होता आणि तो त्याच खोबणीत दोन्ही वेळा जोर लावून फिरवत होत्या. मऊ ब्रश दिला, धरायचा कसा ते दाखवलं, रेघेचा फोटो काढून ठेवला आणि दोन आठवड्यांनी बोलावलं. तोवर रेघ राहिली तर पुन्हा ब्लेडने तुकडा घ्यायचा, हेही सांगून ठेवलं. दोन आठवड्यांनी रेघ नव्हती. नवव्या महिन्याच्या तपासणीत जागा स्वच्छ आहे, उजव्या गालात गाठ परत आलेली नाही, आणि पुढच्या तारखेला मुलाचंही तोंड बघायचं ठरलंय; तो गाडीत बसल्यावर सुपारी चघळतो हे मावशींनीच जाता जाता सांगितलं.